भांडुपचा आमचा बार बंद झाला: आठवणी, हिशेब आणि थोडा वाद

जनरलशिफ्ट

बारचं नाव लिहीत नाही. भांडुप पश्चिमेला, एलबीएस मार्गावरून स्टेशनकडे आत वळताना, खाली नॉन-एसी आणि वर एसी. ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यात कळेल. बाकीच्यांनी आपल्या उपनगरातला तसाच एखादा आठवावा. विक्रोळी, कांजूर, मुलुंड, वागळे इस्टेट, जिथे कंपन्या तिथे असा एक बार होताच. आता इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि बार त्याच्याही आधी बंद झाला होता, असं भावाकडून कळलं.

इराण्यांच्या हॉटेलांवर पानंच्या पानं छापून आली. ते योग्यच. पण आमच्यासारख्यांच्या परमिट रूमवर कोणी ओळ लिहीत नाही, कारण तिथे जायचो हे कबूल करायला आजही जड जातं. म्हणून हा धागा.

मी कंपनीत लागलो तेव्हा एलबीएस मार्ग, म्हणजे जुन्या माणसांचा आग्रा रोड, हा निव्वळ कारखान्यांचा रस्ता होता. जीकेडब्ल्यू, सिएट, एशियन पेंट्स, पुढे कांजूरला क्रॉम्प्टन, अलीकडे मुलुंडला जॉन्सन. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटायची आणि रस्त्यावर सायकली आणि डबे दिसायचे. आमची जनरल पाचला सुटे. घर दहा बाय बाराचं, त्यात आईवडील, बायको, दोन पोरं, गावाहून आलेला एखादा पाहुणा. घरी जाऊन बसायचं कुठे, हा खरा प्रश्न होता. बारमध्ये एक खुर्ची दोन तास आपली असायची. माझं स्पष्ट मत आहे की निम्मे लोक दारूपेक्षा त्या खुर्चीसाठी यायचे.

खालच्या भागात सनमायकाची टेबलं, भिंतीला अर्ध्यापर्यंत टाइल्स, काउंटरमागे गणपती आणि तिरुपतीचा फोटो, त्याला रोज ताजा हार. मालक उडुपीकडचे, आम्ही सगळे अण्णाच म्हणायचो. अण्णा कधी कुणाच्या टेबलापाशी येऊन बसले नाहीत. काउंटरवरूनच मान हलवायचे. ती मान हलली की वेटरला कळायचं, याला आता शेवटचा.

पगार सात तारखेला. आठ तारखेला अण्णांची लाल वही निघायची. उधारी बुडवणारे फारसे नव्हते, कारण बुडवून जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने कंपनीत जायचं.

एकशेऐंशी_मिली

वा, काय आठवण काढलीत! चखण्याचं राहिलं. उकडलेले चणे, वर कांदा-कोथिंबीर, खारे शेंगदाणे, काकडीच्या उभ्या फोडी, हे फुकट आणि मागाल तितकं. मसाला पापडाचे पैसे. क्वार्टर, म्हणजे १८० मिलीची बाटली, मागवली की वेटर सील दाखवून समोर फोडायचा. नाही फोडली तर आमचे एक फोरमनसाहेब ती परत पाठवायचे. बहुतेक टेबलांवर ओल्ड मंक नाहीतर डायरेक्टर्स स्पेशल, उन्हाळ्यात लंडन पिल्सनर. व्हिस्कीत सोडा घालणारा क्लार्क आणि पाणी घालणारा कामगार, असा एक अलिखित नियम होता.

टीव्ही आला तेव्हा चौदा इंची होता, काउंटरच्या वर फळीवर. २२ एप्रिल १९९८, शारजा. धुळीच्या वादळाने खेळ थांबला तेव्हा अण्णा म्हणाले, 'पाऊस पडला का तिकडे?' कोणी हसलंही नाही, इतके ताणलेलो होतो. सचिनने १४३ केले, आपण मॅच हरलो आणि तरी अंतिम फेरीत गेलो. त्या रात्री बिलं कोणी कोणाची भरली याचा पत्ता नाही. दोनच दिवसांनी, त्याच्या वाढदिवसाला, त्याने १३४ केले, पण त्या दिवशी मला उभं राहायलासुद्धा जागा मिळाली नव्हती.

तारकर्लीचो

गणपतीक अर्धा भांडुप गावाक जाता. तेवा अण्णा बारचा रंगकाम काढी. पपा सांगत, आपला टेबल पंख्याखालचा, ता रंगवलेला बघूक आपण कधीच हंय नसतो.

खारा_शेंगदाणा

मी २००० नंतरच्या पिढीतला. तोवर कंपन्यांचे लोक कमी आणि कॉल सेंटरवाले, रिक्षावाले, इस्टेट एजंट जास्त झाले होते. आमच्या वेळची सगळ्यात मोठी क्रांती म्हणजे सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी. ती लागू झाली २ ऑक्टोबर २००८ ला. आता २ ऑक्टोबर ड्राय डे. त्यामुळे आम्हाला बंदी कळली तीन तारखेला, जेव्हा टेबलावर ॲश ट्रे दिसेना. पहिले काही दिवस सगळे उठून दारात जाऊन ओढायचे. मग अण्णांनी बाहेरच्या पायरीवर एक पत्र्याचा डबा ठेवला आणि बारच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या गप्पा जास्त रंगायला लागल्या. आत बसलेल्यांना पहिल्यांदाच समोरच्या माणसाचा चेहरा नीट दिसला असं एक जण म्हणायचा.

ड्राय डेंची यादी मात्र आम्हाला पंचांगापेक्षा पाठ होती. २६ जानेवारी, ३० जानेवारी, १ मे, आषाढी, १५ ऑगस्ट, अनंत चतुर्दशी, निवडणूक लागली तर मतदान आणि मोजणी. गटारीच्या आदल्या दिवशी टेबल सांगून ठेवावं लागे.

कलम_आणि_कोथिंबीर

थोडा कायद्याचा कीस पाडतो, कारण वर 'परमिट रूम' हा शब्द आलाय आणि नवीन पोरांना वाटतं ते नुसतं जुन्या पद्धतीचं नाव आहे.

मुंबई प्रांतात १९४९ सालचा दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून पूर्ण बंदी. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री. बंदीला आव्हान दिलं गेलं, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात कायदा बहुतांशी टिकवला, मात्र अल्कोहोल असलेली औषधं आणि सुगंधी द्रव्यं यांवरचे निर्बंध उडवले. ज्यांना तब्येतीच्या कारणासाठी दारू लागते त्यांना सरकारी परवाना म्हणजे परमिट मिळायचं. ज्यांना मिळायचं नाही ते हातभट्टीकडे किंवा वांद्रे-गिरगावच्या, घरात चोरून दारू विकणाऱ्या 'आंटी'कडे जायचे. वसंतराव नाईकांच्या काळात (१९६३ ते १९७५) बंदी सैल होत गेली, परवाने सहज मिळू लागले आणि परमिटवाल्यांनी बसून प्यायची खोली म्हणून या जागा सगळीकडे उभ्या राहिल्या. जनरलशिफ्ट यांचा बार याच लाटेतला असावा.

गंमत अशी की कायदा आजही 'दारूबंदी' हेच नाव घेऊन जिवंत आहे, फक्त 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आलं. आजही बारमध्ये बसणाऱ्याकडे परमिट असायला हवं. एक दिवसाचं विदेशी दारूचं पाच रुपयांत, देशीचं दोन रुपयांत. आजन्म हवं तर हजार. आणि वय बिअर-वाईनला २१, बाकी दारूला २५. किती जणांनी ते पाच रुपये भरलेत हे विचारत नाही, या धाग्यावरचे सगळे आत जातील.

जनरलशिफ्ट

@कलम_आणि_कोथिंबीर: आमच्याकडे बिलाच्या मागे ते परमिटचं पुस्तक असायचं खरं. एक्साइजवाले येणार असले की वेटर भराभर नावं लिहायचे. मी बरेचदा 'रामचंद्र' असायचो.

पावसाळी_छत्री

सगळं वाचलं. छान लिहिताय तुम्ही लोक, आणि म्हणूनच लिहावंसं वाटलं.

माझे वडील याच बारमध्ये बसायचे. तुम्ही वर लिहिलेल्या टेबलांपैकी एखाद्यावर तुमच्यासोबत असतीलसुद्धा. घर दहा बाय बाराचं होतं हे खरं, पण त्या घरात आई आणि आम्ही दोघी बहिणी राहायचोच ना? आम्हाला कुठे दोन तासांची खुर्ची होती? सात तारखेला आई मला बारच्या समोरच्या दुकानात साखर आणायला पाठवायची. साखर घरात असायची. मी फक्त बघून यायचं की बाबा आत गेलेत की अजून बाहेर आहेत, म्हणजे पाकीट घरी येणार की अर्धं येणार ते कळायचं. आठवीत होते. वेटर मला ओळखायला लागला होता आणि मला बघून मान वळवायचा.

पुढे आमच्या भागात बायकांनी आडवी बाटलीच्या सह्या गोळा केल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वॉर्डातल्या पुरेशा महिलांनी सह्या दिल्या की मतदान घ्यावं लागायचं, मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. तेव्हाच्या नियमाने मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारायला हवा होता, आलेल्यांपैकी निम्म्या चालत नसत. आमच्या सह्या पुऱ्या झाल्याच नाहीत. कित्येक बायकांचे नवरे त्याच बारच्या वहीत होते.

आई आता नाही. बार बंद झाल्याचं कळलं असतं तर तिने काय म्हटलं असतं ते मला नक्की माहीत आहे, इथे लिहिण्यासारखं नाही.

जनरलशिफ्ट

@पावसाळी_छत्री: तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. तुम्ही म्हणता त्यातलं काहीही खोडून काढता येत नाही आणि काढणारही नाही. आमच्या टेबलावर असे एकदोघं होतेच ज्यांना आम्ही 'आता पुरे' म्हणायला हवं होतं, आणि आम्ही त्यांचीच पुढची क्वार्टर वाटून घेतली. धागा गोड गोड होऊ नये असं मलाही वाटत होतं, तुम्ही ते केलंत.

विळी_आणि_कोयता

मी बाई आणि मी त्या बारमध्ये गेलेय. दचकू नका, वरच्या फॅमिली रूममध्ये. लग्नानंतर नवऱ्याने पहिल्यांदा बाहेर जेवायला नेलं ते तिथे. आत जायला वेगळा जिना होता, म्हणजे खालून जाताना कोणी बघत नसे. तिथला बोंबील फ्राय मी आजवर कुठे खाल्ला नाही. बाहेरून रव्याचा कुरकुरीत आणि आतून मऊ, आणि सोबतची ती लाल चटणी. रविवारी दुपारी आमच्या चाळीतून चार घरांची पार्सलं एकदम यायची. सासूबाई शुद्ध शाकाहारी, 'बारमधलं' म्हटलं की नाक मुरडायच्या, पण पुडी उघडल्याबरोबर चटणी आधी त्यांनाच लागायची.

पावसाळी_छत्री यांचं पटतं. माझ्या जावेच्या घरी तसंच होतं. पण मला त्या बारचा राग येत नाही. दारू विकणारे दहा होते, तिथे निदान कोणी रस्त्यावर पडलेला मी पाहिला नाही.

स्टेशन_पूर्व

मी पीत नाही. कधीच नाही. तरी लिहितो.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. गाड्या बंद, कुर्ल्याला एलबीएस मार्ग पाण्याखाली. आम्ही कंपनीतले काही जण सायनहून हायवेने चालत भांडुपला पोहोचलो तेव्हा रात्र उलटून गेली होती. मोबाइल लागत नव्हते. बारचं शटर अर्धं उघडं होतं. अण्णांनी स्वयंपाकघर चालू ठेवलं होतं, डाळ-भात आणि चहा, पैसे कोणाकडून घेत नव्हते, आणि त्या रात्री दारू काढायला नकार देत होते. काउंटरवरचा लँडलाइन चालू होता. मुलुंड-ठाण्याला जाणारी माणसं रांग लावून घरी फोन करत होती. माझ्या बायकोला माझा आवाज ऐकू गेला तो बारच्या फोनवरून, आणि मागून कोणीतरी बाटल्यांचे क्रेट हलवत होतं. तिचा पहिला प्रश्न काय असेल तो ओळखा.

खारा_शेंगदाणा

हाहाहा. @स्टेशन_पूर्व, प्रमाणपत्र लिहून दिलं असतं अण्णांनी.

नॉनएसी

आठवणी झाल्या, आता खरं बोलू. बार बंद झाला तो करामुळे. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क दीडपट केलं, १८० मिलीची किमान किंमत थेट २०५ रुपये. परमिट रूमवरचा व्हॅट तर २०२३ च्या नोव्हेंबरातच ५ चा १० टक्के झाला होता, वर परवाना शुल्कात १५ टक्के वाढ. १४ जुलैला राज्यभरातल्या बारवाल्यांनी बंद पाळला तो उगाच नाही. दुकानातून क्वार्टर घेऊन चायनीजच्या गाडीमागे बसणाऱ्याला हा व्हॅट नाही. गिऱ्हाईक शहाणं असतं. त्यावर बारचं भाडं, एसी, पगार, आणि 'वरचा' खर्च वेगळाच.

जनरलशिफ्ट

@नॉनएसी, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही. २०२५ ची वाढ ही शेवटची काडी म्हणा फार तर. उंट त्याआधीच बसलेला होता.

माझ्या डोळ्यांदेखत काय झालं ते सांगतो. नव्वदच्या दशकात एकेक कंपनी आकसली, हलली किंवा बंद पडली. १६ जानेवारी १९९७ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा पवईत खून झाला त्या संध्याकाळी बारमध्ये इतकी माणसं होती आणि इतकी शांतता होती की तसं पुन्हा पाहिलं नाही. अर्ध्या टेबलांवर त्यांच्या युनियनचे सभासद होते, काही त्यांना शिव्या देणारेही होते, आणि त्या दिवशी दोघंही गप्प. त्यानंतर व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, याद्या. व्हीआरएस घेतलेला माणूस पहिले सहा महिने बारमध्ये जास्त येतो. मग येतच नाही. टॅक्सी घेतो, गावी जातो, किंवा दिव्याला-बदलापूरला स्वस्तातला ब्लॉक घेऊन तिकडचा होतो.

कंपन्यांच्या जमिनीवर टॉवर आले. टॉवरमधला माणूस पाचला सुटत नाही. तो बीकेसीहून किंवा ऐरोलीहून नऊला येतो, लिफ्टने थेट घरी जातो, त्याच्याकडे बसायला हॉल आहे. त्याला आमच्या खुर्चीची गरज नाही. जी गरज होती तीच संपली, मग करमाफी दिली असती तरी काय झालं असतं?

नॉनएसी

म्हणजे अण्णांनी धंदा वाढवायला हवा होता. क्राफ्ट बिअर, पिझ्झा, लाइव्ह गाणी. लोअर परळला गिरणीच्या आवारात चालतंच की.

जनरलशिफ्ट

तिथे मी आत गेलो असतो का? तुम्हीच सांगा.

कुंदापुरी

हा धागा मला एका मित्राने पाठवला. मी अण्णांचा भाचा. मराठी भांडुपच्या शाळेत शिकलो आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. काही गोष्टी बाहेरच्यांना माहीत नसतात म्हणून लिहितो.

मामा सतराव्या वर्षी गावाहून आले ते दुसऱ्याच्या हॉटेलात कप-बशा धुवायला. वेटरांना नेहमी गावाकडूनच आणायचे, कुंदापूर, कारकळ भागातून. सगळे वरच्या एसी हॉलमध्ये बार बंद झाल्यावर गाद्या टाकून झोपायचे. शेवटच्या काही वर्षांत आमच्या गावची मुलं यायची थांबली, कारण तीही शिकली. मग ओडिशाची, झारखंडची मुलं आली. चांगली होती, पण गिऱ्हाइकांशी तो जुना बोलण्याचा धागा राहिला नाही.

करोनाने मोठा फटका दिला. मार्च २०२० ला बंद, ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्यांनी उघडला, पुढच्या वर्षी पुन्हा बंद. त्या काळात वाइन शॉपची दारू घरपोच सुरू झाली आणि लोकांना घरी प्यायची सवय लागली. ती सुटली नाही. पण ३१ मार्चच्या आत वर्षाची लायसन्स फी एकरकमी भरायचीच. धंदा झाला असो वा नसो. मामा दरवर्षी फेब्रुवारीत चिडचिडे व्हायचे.

आणि जागा पागडीची, म्हणजे जुन्या भाडेहक्काची. पुनर्विकासात पागडीवाल्याला नवीन गाळा मिळतो, पण नव्या इमारतीत वर राहणाऱ्यांना खाली बार नको असतो. बैठकीत एका बाईने अगदी नम्रपणे विचारलं, तुम्ही मेडिकल काढाल का? मामांची दोन्ही मुलं बंगळुरूला नोकरीत. कोणाला बसायचं नव्हतं. लायसन्स दुसऱ्याला हस्तांतरित केलं, त्याला एक्साइजची परवानगी काढायला खूप फेऱ्या झाल्या. म्हणजे कागदावर आपला बार अजून चालू आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने.

त्या लाल वहीबद्दल: मामांनी ती जाळली. वहीत माणसांची नावं होती, आता त्यांच्या मुलांना कशाला कळायला हवं, असं म्हणाले.

@पावसाळी_छत्री ताई, तुम्ही जो वेटर म्हणता तो बहुतेक आमचा चुलता. तो सांगायचा की सात तारखेला काही घरांची मुलं समोर येऊन उभी राहतात. त्या दिवशी तो काही टेबलांना मुद्दाम उशिरा ऑर्डर द्यायचा. त्याने फार काही बदललं नसेल.

पावसाळी_छत्री

वही जाळली हे बरं केलं. बाकीचं वाचून काय बोलावं कळत नाही. चुलत्यांना नमस्कार सांगा.

एकशेऐंशी_मिली

@कुंदापुरी, अण्णा आता कुठे आहेत? तब्येत?

कुंदापुरी

गावी. ठीक आहेत. सकाळी देवळात जातात, दुपारी नारळाच्या हिशेबावरून गड्याशी भांडतात. स्वतः आयुष्यात एक थेंब प्यायले नाहीत, हे सांगितलं का कोणी?

विळी_आणि_कोयता

नव्हतं सांगितलं, पण आश्चर्य वाटलं नाही. भाऊ, एक विनंती. चटणी. ती लाल.

कुंदापुरी

सांगतो, त्यात गुपित काही नाही. ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या. दहा-बारा मिरच्यांना लसणाच्या मूठभर पाकळ्या, चमचाभर जिरं, थोडी चिंच, लिंबाएवढा गूळ नाही, सुपारीएवढा. पाणी अगदी कमी घालून वाटायचं. मग खोबरेल तेलात मोहरी न घालता नुसती परतायची, तेल सुटेपर्यंत. बोंबील तळलेलं तेल एक पळी त्यात गेलं की ती चव येते. पण हे घरी सांगू नका.

विळी_आणि_कोयता

म्हणजे सासूबाई इतकी वर्षं…

तारकर्लीचो

गूळ? माका वाटला कोकम असतला. पपांका इचारतंय.